धागा: समुद्रातलं सामायिक वीजजाळं – दोन देश, एक केबल, आणि आपला किनारा

खारा_वारा (रत्नागिरी)

जून २०२४ मध्ये केंद्राने समुद्री पवनविजेसाठी ७,४५३ कोटींची व्यवहार्यता तूट निधी (प्रकल्प परवडावा म्हणून सरकारने भरून द्यायची तूट) योजना मंजूर केली. ५०० मेगावॅट गुजरातपुढे, ५०० तमिळनाडूपुढे. त्यात कोकणाचं नाव नाही. तरी कोणी ना कोणी विचारतंच, की उत्तर समुद्रात अनेक देश मिळून ग्रीड आखतात, मग अरबी समुद्रात का नको?

तीन प्रश्न. सामायिक म्हणजे नेमकं काय सामायिक? आखणी कुठल्या टोकापासून धरतात? आणि दापोली-गुहागर-देवगडपुढे यातलं काय लागू पडतं? 'वारा तर फुकट आहे' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. केबल फुकट मिळत नाही.

---

पोफळी_४००

सामायिक असते ती केबल आणि प्लॅटफॉर्म. पवनचक्क्या बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्याच असतात.

साधी पद्धत अशी: पवनक्षेत्राची एक केबल आपल्या किनाऱ्यावर, आणि दोन देशांमधल्या वीजव्यापाराची केबल त्याहून वेगळी. हायब्रिडमध्ये व्यापाराची केबल पवनक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवरूनच नेतात. वारा असला की पवनवीज, उरलेल्या जागेत व्यापार. त्याच्याही पुढे बेटाची कल्पना, म्हणजे तीन-चार देशांच्या केबली एकाच ठिकाणी आणायच्या.

प्रत्यक्षात चालू असलेलं नमुनेदार उदाहरण बाल्टिकमधलं क्रीगर्स फ्लाक, २०२० पासून. जर्मनीची बाल्टिक-१ (४८ मेगावॅट) आणि बाल्टिक-२ (२८८), डेन्मार्कची क्रीगर्स फ्लाक (सुमारे ६००). जर्मन आणि डॅनिश प्लॅटफॉर्ममध्ये अंतर फार नव्हतं. तेवढ्यात १५० केव्हीच्या (किलोव्होल्ट) दोन केबली टाकल्या आणि दोन देश ४०० मेगावॅटने जोडले गेले. डॅनिश बाजू २२० केव्हीची, म्हणून मध्ये रोहित्रं.

पण खरी गोम जमिनीवर आहे. पूर्व डेन्मार्क नॉर्डिक ग्रीडमध्ये येतो आणि जर्मनी युरोपच्या मुख्य ग्रीडमध्ये. दोन्हीकडे ५० हर्ट्झच, पण ताल एक नाही, म्हणजे विजेच्या लहरी एकाच क्षणी चढत-उतरत नाहीत. म्हणून रोस्टॉकजवळ बेन्टविश इथे बॅक-टू-बॅक कन्व्हर्टर (एका ग्रीडची एसी वीज डीसी करून तिथेच दुसऱ्याच्या तालाची एसी करणारे) बसवावे लागले. आपल्याला हे नवीन नाही. बांगलादेशाशी बहरामपूर–भेडामारा जोड अशाच कन्व्हर्टरने चालतो, २०१३ मध्ये ५०० मेगावॅट आणि २०१८ मध्ये आणखी ५००. नेपाळ-भूतान मात्र आपल्याशी एका तालात आहेत, तिथे सरळ एसी.

म्हणून आखणीतला पहिला प्रश्न वाऱ्याचा नसतो. दोन्ही ग्रीड एका तालात आहेत का, ते आधी बघतात.

---

हिशेबनीस

केबल सामायिक का करावी, याचं गणित कोकणाच्या आकड्यांनी करून दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

१,००० मेगावॅटचं पवनक्षेत्र, १,००० मेगावॅटची केबल. पावसाळ्याचे चार महिने सरासरी ५५ टक्के भार, उरलेले आठ महिने २० टक्के. वर्षाची सरासरी ३२ टक्क्यांच्या आत. म्हणजे हजारो कोटींची केबल दोन तृतीयांश रिकामी, आणि तीही ऑक्टोबर ते मे सलग. उत्तर समुद्रात वारा वर्षभर बऱ्यापैकी पसरलेला असतो, तिथेही रिकामी जागा विकायची म्हणूनच हायब्रिडचा खटाटोप करतात. मोसमी वाऱ्याच्या किनाऱ्यावर रिकामी जागा जास्त, म्हणून केबल वाटून घेण्याचं कारणही इथे जास्त. वाटून घ्यायची कोणाशी, हा खरा प्रश्न.

---

नवखा_७

ओमानशी? समोरच तर आहे.

---

केबलजोड

नकाशावर समोर आहे, तळाकडे बघा. उथळ पट्टा मुंबईपुढे चांगला रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. तो संपला की समुद्र एकदम खाली जातो आणि मधल्या भागात खोली ३,००० मीटरच्या पुढे. उच्चदाबाच्या केबलची आजवरची सर्वात खोल टाकणी इटलीच्या टिरेनियन लिंकमध्ये, सुमारे २,१५० मीटरवर. तिथे अडचण विजेची कमी, वजनाची जास्त. जहाजावरून तळापर्यंत लोंबणाऱ्या केबलचं स्वतःचंच वजन तिच्या चिलखती तारांवर येतं. त्यात हजार किलोमीटरहून जास्त लांबी. आणि वाटेत कुठेही दुरुस्ती म्हणजे तोच लोंबता तुकडा पुन्हा वर काढणं.

नवखे, प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्या केबलला वाटेत पवनक्षेत्र मिळणार नाही, कारण पवनचक्क्यांना पाया लागतो आणि पाया उथळ पाण्यातच परवडतो. म्हणजे ती नुसती व्यापाराची केबल झाली. या धाग्याचा विषय नव्हे.

---

पोफळी_४००

भारतासाठी खरा समुद्री शेजारी श्रीलंका. मध्ये पाल्कची सामुद्रधुनी, पाणी उथळ, अंतर थोडं. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी उच्चदाब डीसी जोडाच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या आहेत. पण तिथेही दोन पेच आहेत.

पहिला पेच वाऱ्याचा. नैर्ऋत्य मोसमी वारा तमिळनाडूवर आणि श्रीलंकेच्या मन्नारवर साधारण एकाच काळात जोर धरतो. दोन्हीकडे वीज एकदम जास्त, दोन्हीकडे एकदम कमी. म्हणून आखणीत दोन्ही देशांची तीच हवामान-वर्षं तासागणिक चालवावी लागतात. एका बाजूने एक वर्ष घेतलं आणि दुसरीने दुसरं, तर वाऱ्यांचं नातंच तुटतं. मग कागदावर फायदा फुगतो, केबल टाकल्यावर सापडत नाही.

दुसरा पेच आकाराचा. श्रीलंकेची कमाल मागणी अडीच-पावणेतीन हजार मेगावॅटच्या आसपास, रविवारी दुपारी ती बरीच खाली येते. एका झटक्यात किती वीज गेली तर ग्रीड सावरेल, त्यावर एका केबलची कमाल क्षमता ठरते. ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी पाणदुऱ्याच्या सबस्टेशनात माकड शिरलं आणि अख्ख्या देशाची वीज गेली. माकड निमित्त झालं. दुपारी मागणी कमी, सौरवीज भरपूर, आणि फिरत्या जनित्रांचं जडत्व अपुरं. अशा ग्रीडला १,००० मेगावॅटचा एकच दोर बांधायचा नाही. दोन स्वतंत्र पोल (डीसीचे धन आणि ऋण मार्ग) आणि परतीची धातूची तार अशी रचना केली, तर एक पोल गेला तरी अर्धी वीज चालू राहते.

ब्रिटनमध्ये एका घटनेत गमावण्याची मर्यादा १,८०० मेगावॅट धरतात. जाळं दोन देशांचं असेल तर दोघांतला जो आकडा लहान, तो पाळायचा.

---

खारा_वारा

ठीक. मग कोकणापुढे शेजारी 'देश' नाही, शेजारी राज्यं आहेत. उत्तरेला गुजरात, दक्षिणेला गोवा, मध्ये मुंबईची भूक. तरी तंत्र तेच लागणार ना? एसी की डीसी हे कुठल्या अंतरावर ठरतं?

---

केबलजोड

ठोकळ उत्तर '८० ते १०० किलोमीटर' असं देतात. ते कुठून येतं ते बघा, मग पाठ करावं लागत नाही.

२२० केव्हीची तीन गाभ्यांची एक्सएलपीई (प्लास्टिकच्या विद्युतरोधकाची) केबल, गाभा १,००० चौरस मिमी. तिची धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) किलोमीटरला साधारण ०.१९ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झवर त्यातून किलोमीटरला ७.६ अँपिअर चार्जिंग प्रवाह जातो, म्हणजे नुसती केबल भरण्या-रिकामी करण्यात जाणारा. १०० किलोमीटरला ७६० अँपिअर. केबलला झेपणारा एकूण प्रवाह समजा ८५० अँपिअर. हा प्रवाह एकाच टोकाने पुरवला तर कामाच्या विजेला ३८० अँपिअर उरतात (वर्गांची वजाबाकी, साधी नाही). म्हणजे जेमतेम १४५ मेगावॅट. दोन्ही टोकांना शंट रिॲक्टर (हा चार्जिंग प्रवाह पुरवणारी वेटोळी) बसवून भार अर्धा-अर्धा वाटला तर ७६० अँपिअर उरतात, २९० मेगावॅट. केबल तीच, वीज दुप्पट. पण त्यासाठी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर १४५ मेगाव्हारचा (अशा बिनकामाच्या विजेचं एकक) रिॲक्टर चढवावा लागतो आणि त्याच्या वजनाने प्लॅटफॉर्मचा पाया बदलतो. ब्रिटनच्या हॉर्नसी-१ मध्ये तर मधल्या वाटेवर खास रिॲक्टरांसाठी वेगळा प्लॅटफॉर्म आहे.

आपल्याकडे २५-३० किलोमीटरवर काम झालं तर एसी पुरे. १,००० मेगावॅटला तीन-चार केबली. पण पुढे जाळं जोडायचं असेल तर डीसीचा विचार आधीच करा. नंतर एसी प्लॅटफॉर्मवर कन्व्हर्टर ठेवायला जागाच नसते.

---

पोफळी_४००

+१. आणि डीसी जाळ्यात खरी डोकेदुखी फॉल्टची, म्हणजे शॉर्टसर्किटची. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, ब्रेकर तो क्षण पकडून तोडतो. डीसीत शून्य येतच नाही. फॉल्टचा प्रवाह काही मिलिसेकंदांत इतका चढतो की कन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतात आणि सगळं जाळं एकदम बसतं. चीनच्या झांगबेईत २०२० पासून चार टोकांचं ±५०० केव्हीचं जाळं हायब्रिड डीसी ब्रेकरांवर चालतं. ते ब्रेकर म्हणजे आपल्या डोळ्यांपुढचा डबा नव्हे, मोठा हॉलभर सामान. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर तेवढी जागा सोडायची की ब्रेकर टाळून जाळ्याचे तुकडे लहान ठेवायचे, हा निर्णय पहिल्याच आराखड्यात घ्यावा लागतो.

दुसरं, एका कंपनीचा कन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं नियंत्रण यांचं पटेलच असं नाही. युरोपात २०२३ पासून इंटरऑपेरा नावाचा प्रकल्प याच गोष्टीवर चालू आहे. आपल्याकडे पुगळूर–त्रिशूर (±३२० केव्ही, २,००० मेगावॅट) व्हीएससी प्रकारचं (जाळ्यात जोडता येणाऱ्या नव्या कन्व्हर्टरांचं) आहे, पण दोनच टोकांचं. तिसरं टोक नंतर जोडायचं ठरवलं, तर पहिल्या निविदेतच नियंत्रणाच्या मॉडेलांचा हक्क लिहून घ्या. नाहीतर पंधरा वर्षं त्याच विक्रेत्याच्या दारात.

---

हिशेबनीस

तांत्रिक भाग सुटतो. भांडण होतं ते पैशांवर. उदाहरण घ्या.

अ आणि ब हे दोन बाजार. मध्ये १,००० मेगावॅटचं पवनक्षेत्र, दोन्हीकडे १,००० मेगावॅटची केबल. या तासाला वारा ६०० मेगावॅट. अ मध्ये भाव युनिटला ६ रुपये, ब मध्ये ४. साहजिकच सगळं अ कडे जातं: ६०० वाऱ्याचे, ४०० ब कडून. अ ची केबल भरली, ब ची अर्ध्याहून रिकामी.

आता पवनक्षेत्राला कोणता भाव द्यायचा? ते अ देशाच्या बाजारात धरलं तर ६. समुद्राचा स्वतंत्र भाव-विभाग केला तर ४, कारण तिथे आणखी एक युनिट हवं असेल तर ते ब कडूनच ४ ला मिळतं. वीज जाते महागड्या बाजारात, पैसे मिळतात स्वस्त बाजाराचे. उरलेले २ रुपये गुणिले १० लाख युनिट, म्हणजे तासाला २० लाख रुपये केबलवाल्याच्या खिशात. त्यातले १२ लाख पवनवाल्याच्या मते त्याचे.

मग पहिलीच पद्धत का नको? कारण युरोपच्या २०१९ च्या नियमात सीमेपारच्या क्षमतेपैकी किमान ७० टक्के व्यापाराला खुली ठेवा असं आहे. पवनविजेला आधी जागा दिली तर ते जमत नाही. क्रीगर्स फ्लाकला यासाठी खास सूट घ्यावी लागली. नव्या प्रकल्पांसाठी कल आहे तो स्वतंत्र भाव-विभागाकडे, आणि पवनवाल्याला फरक-करार (ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक भरून देणारा) किंवा केबलच्या पैशातून भरपाई.

करारात हे आधी लिहिलं नाही तर बँक कर्ज देत नाही. साधी गोष्ट आहे, तरी मसुद्यात ती शेवटी येते.

---

डोलकर (मालवण)

ह्या सगळा खरा, पण जाळी खंय टाकूची?

मराठीत सांगतो. कोकणात पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. वरवर वाटतं, तेव्हा होड्या किनाऱ्याला आहेत, उरका केबलचं काम. पण त्याच दिवसांत समुद्रात कोणतंही जहाज स्थिर उभं राहत नाही. पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप जहाजाला पाय टेकताना-उचलताना लाट साधारण दीड मीटरच्या आत लागते. म्हणजे काम होणार ऑक्टोबर ते मे, बरोबर आमच्या हंगामात. त्यात नोव्हेंबरपासून वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात, ती पिल्लं निघेपर्यंत एप्रिल उजाडतो. केबल वाळूतून वर येणार असेल तर ती वाळू टाळा.

डोल (तळात रोवलेल्या खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं) लावणाऱ्यांचं वेगळं. त्यांची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, तळात रोवलेली. ती काढून चार मैल पलीकडे लावा म्हणून होत नाही. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांना वळसा तरी घालता येतो. भरपाईच्या यादीत तिघांना एका ओळीत बसवू नका. केबल तीन मीटर पुरली की झालं, असंही सांगू नका.

---

केबलजोड

डोलकर, शेवटचं वाक्य अगदी बरोबर, आणि आणखी एका कारणाने. तीन मीटर हा आकडा तळाशिवाय निरर्थक आहे. घट्ट वाळूत जहाजाचा नांगर मीटरभर जातो, मऊ चिखलात त्याच्या कितीतरी पट. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या मुखांपुढे गाळच गाळ. म्हणून 'खोल पुरा' म्हणतात, पण खोल पुरली की केबलची उष्णता बाहेर पडत नाही. एक्सएलपीईला गाभ्यात ९० अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. तापमान वाचवायचं तर वीज कमी करा.

सर्वात वाईट जागा किनारा ओलांडण्याची. सड्याखालून (किनाऱ्याच्या कातळपठाराखालून) आडवं ड्रिलिंग करून पाइपातून केबल ओढतात, तिथे ती सर्वात खोल आणि सर्वात कोंडलेली. शंभर किलोमीटर केबलची क्षमता त्या काही शे मीटरांवर ठरते. म्हणून तेवढ्या तुकड्याला जाड गाभा घेतात. हे निविदेत विसरलं तर नंतर कशानेही भरून येत नाही.

मार्ग काढताना नांगरवाड्यांचे, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात त्या जागांचे, नकाशे (जयगड, दिघी, जेएनपीटी), मुंबई हाय ते उरणच्या तेल-वायूच्या नळ्या, आणि मुंबईत उतरणाऱ्या इंटरनेट केबली आधी मांडा. ओलांडायचं तिथे शक्यतो काटकोनात, वर काँक्रीटच्या चटया, आणि ज्याची नळी त्याच्याशी लेखी करार. उत्तर कोकणात मार्गाचा बराचसा वेळ याच करारांत जातो.

---

खारा_वारा

आणि बिघाड झाला तर?

---

केबलजोड

फिनलंड–एस्टोनियाची एस्टलिंक-२, ६५० मेगावॅट, २५ डिसेंबर २०२४ ला तुटली. जून २०२५ मध्ये परत आली. सहा महिने. कारण जहाज मिळणं, हवामान, जोड बनवणं. एका दुरुस्तीत दोन जोड पडतात, आणि मधे घालायचा तुकडा पाण्याच्या खोलीपेक्षा बराच लांब लागतो, कारण तो वर जहाजावर जोडून मग खाली सोडायचा असतो.

कोकणात हेच जूनमध्ये झालं तर ऑक्टोबरपर्यंत हातच लावता येत नाही, आणि नेमकी तीच वाऱ्याची चार महिन्यांची कमाई. म्हणून इथे दुसरी केबल किंवा शेजारच्या पवनक्षेत्राशी छोटा जोड ही चैन राहत नाही. सुटी केबल आणि जोडांचं सामान किनाऱ्यावरच ठेवा, आणि दुरुस्ती-जहाजाचा करार केबल टाकायच्या आधी करा.

---

पोफळी_४००

बिघाडांत केबलच तुटते असं नाही. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये वीज पडली, वाहिनी काही क्षणांत पूर्ववत झाली. पण हॉर्नसी-१ च्या व्होल्टेज नियंत्रणात दोलनं वाढत गेली आणि ७३७ मेगावॅट गळाले. एक गॅस केंद्रही त्याच वेळी गेलं, फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झवर आली, दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात. समुद्रातल्या लांब केबलमुळे ग्रीड तिथे 'मऊ' होतं, म्हणजे व्होल्टेज चटकन हलतं, आणि नियंत्रणाची जुनी सेटिंगं चालत नाहीत. म्हणून चक्की, रिॲक्टर, कन्व्हर्टर सगळ्यांची मॉडेलं एकत्र चालवून बघायची, आणि जोडाची प्रत्येक स्थिती वेगळी तपासायची. एक केबल बंद असताना ग्रीड सर्वात कमकुवत असतं, तीच स्थिती तपासणीतून सुटते.

---

नवखा_७

मग आपल्या बाजूने वीज उतरवायची कुठे? सह्याद्रीतून नवी वाहिनी म्हणजे पुन्हा जंगलाची परवानगी.

---

पोफळी_४००

चांगला प्रश्न. दाभोळजवळच्या अंजनवेलला आणि जयगडला ४०० केव्हीची यार्डं (वीज जोडून घ्यायची केंद्रं) उभी आहेत. अंजनवेलचा १,९६७ मेगावॅटचा गॅस प्रकल्प बरीच वर्षं क्षमतेच्या थोड्याच भागावर चालतोय, म्हणजे घाट ओलांडणाऱ्या वाहिन्यांत जागा आहे. नवी वाहिनी टाकण्याआधी तिचा तासागणिक हिशेब मागा.

आणि कोयना विसरू नका. १,९६० मेगावॅट, पैकी चौथा टप्पा १,०००. पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. जून ते सप्टेंबर समुद्रातून वीज येत असेल तर तेवढा कोटा राखून एप्रिल-मेच्या संध्याकाळी वापरता येतो. नॉर्वे–जर्मनीची १,४०० मेगावॅटची नॉर्डलिंक हेच करते, फक्त मध्ये समुद्र आहे. आपलं धरण वाहिनीच्या त्या टोकाला आयतं आहे.

---

हिशेबनीस

मान्य, पण कोटा वाचला त्याचे पैसे कोणाला? पवनवाल्याला की धरणवाल्याला? आत्ताच्या दरपद्धतीत दोघांनाही नाही. तिथून सुरुवात करावी लागेल.

---

डोलकर (मालवण)

आणि चक्क्या लावताना निसर्ग वादळ लक्षात ठेवा. ३ जून २०२०, दिवेआगर-श्रीवर्धन.

---

केबलजोड

त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात उष्ण कटिबंधाच्या वादळांचा वेगळा वर्ग आहे, दहा मिनिटांच्या सरासरीने ५७ मीटर प्रति सेकंद. पण चक्कीपेक्षा लक्ष द्यायचं ते मागच्या विजेकडे. वादळात ग्रीड जातं, आणि ग्रीड नसलं की चक्कीचं डोकं वाऱ्याच्या दिशेने वळवायची मोटर बंद. प्रत्येक चक्कीला बॅटरी किंवा प्लॅटफॉर्मवर पुरेसा डिझेल जनरेटर, आणि डिझेल किती दिवसांचं हे निविदेत आकड्यात. 'पुरेसं' हा शब्द लिहू नका.

---

खारा_वारा

पुढच्या रविवारी अंजनवेल आणि जयगड दोन्ही धरून उतरण्याच्या जागांचा कच्चा नकाशा टाकतो, नांगरवाड्या आणि नळ्यांसकट. डोलकर, डोलीच्या जागा तुम्ही भराल का? गावाच्या नावाने नको, नुसती पाण्याची खोली आणि किनाऱ्यापासूनचं अंतर चालेल.

---

डोलकर (मालवण)

आमच्याकडच्या देतो. दाभोळ-जयगडच्या मात्र तिथल्यांनाच विचारा.